गोल हुकला, कर्ता कोण?

मेलबर्नमध्ये राहून मी जिलाँग संघाचा चाहता झालो, त्यामुळे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या २००८च्या अंतिम सामन्याचा वाद मलाही चुकलेला नाही. हॉथॉर्न १८ गोल, ७ बिहाइंड, ११५ गुण. जिलाँग ११ गोल, २३ बिहाइंड, ८९ गुण. मधल्या उंच खांबांतून चेंडू गेला की सहा गुण, कडेच्या फटीतून गेला की एक. आमचे लोक अजूनही म्हणतात, ‘आघाडीवाल्यांनी घात केला.’

पण त्या २३ मधले बरेच बिहाइंड हॉथॉर्नच्या बचावपटूंनी जाणूनबुजून दिलेले होते. सहा जाण्यापेक्षा एक गेलेला परवडला. पुढच्याच वर्षी हे रोखणारा नियम आला. मग कर्ता कोण?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. लाथ मारणारा त्यांतला एक. त्याचा पाय, मधल्या फळीने दिलेला पास, लंबगोल चेंडूची लहरी उसळी, हे सगळे भागीदार.

म्हणून आघाडीवाला सुटला का? नाही. पाचातला एक वाटा त्याचाच, आणि सराव तेवढ्यावरच चालतो. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात आम्ही पोर्ट ॲडलेडला ११९ गुणांनी हरवलं, तेव्हा मात्र दैव कुणालाच आठवलं नव्हतं. श्रेय वाटून घ्यायची तयारी नसेल, तर दोषही वाटता येणार नाही.