आमची रोजची भाकर
(वाचन: मत्तय 6:11 व 25:31-46)



प्रभूनें आपणांस भाकर मागावयास शिकविलें. परंतु ती "माझी" म्हणून नव्हे, "आमची" म्हणून. ह्या एका शब्दाचें मोल किती, हें दुसऱ्या महायुद्धांतील एका यहूदी बंदिवानाच्या हकीकतीवरून ध्यानांत येईल.

प्रीमो लेव्ही हा इटलींतील तुरीन शहराचा रसायनशास्त्रज्ञ. फेब्रुवारी 1944 मध्यें नाझी सत्ताधाऱ्यांनीं त्यास पोलंडांतील ऑशविट्झच्या छळछावणींत नेलें. त्याचें नांव हिरावून हातावर 174517 हा आंकडा गोंदला. पहाटे उठावें, हजेरीसाठीं उघड्यावर उभें राहावें, लांकडी तळाचे जोडे ओढीत कामावर जावें, आणि पावाचा तुकडा व पातळ सार ह्यांवर दिवस काढावा, असा तेथील क्रम होता. चमचासुद्धां पाव देऊनच मिळवावा लागे. जो कामास निरुपयोगी ठरे, त्यास विषारी वायूनें मारीत.

तेथील कारखान्याच्या बांधकामावर लोरेंझो पेरोने नांवाचा इटालियन गवंडी होता. तो बंदिवान नव्हता, मजूर होता. बंदिवानांस साह्य करणें हा गुन्हा होता. तरी सहा महिने तो रोज लेव्हीस आपल्या वांट्यांतील अन्न देत गेला. ठिगळें लावलेली आपली बंडी त्यानें दिली, त्याच्यासाठीं इटलीस पत्रहि लिहिलें. आणि मोबदला कांहींच घेतला नाहीं. 27 जानेवारी 1945 रोजीं सुटका झाल्यावर लेव्हीनें पुढें लिहिलें कीं, आपण वांचलों तें केवळ त्या अन्नामुळें नव्हे. छावणीबाहेर चांगुलपणा अद्याप उरला आहे, ही आठवण लोरेंझो रोज करून देई म्हणून.

आतां त्याच छावणींतील दुसरी गोष्ट ऐका. ऑक्टोबर 1944 मध्यें मरणासाठीं माणसें निवडण्यांत आलीं. त्या रात्रीं आपण वांचलों म्हणून एक म्हातारा बंदिवान मोठ्यानें देवाचे आभार मानूं लागला. शेजारच्या बिछान्यावर वीस वर्षांचा एक तरुण पडला होता. त्याची निवड झाली होती. ती प्रार्थना ऐकून लेव्हीस संताप आला.

भयानें ग्रासलेल्या त्या म्हाताऱ्याचा न्याय आपण करूं नये. पण आपली उपकारस्तुति तपासून पाहूं या. साथींत शेजारचें घर ओस पडलें आणि आपलें वांचलें, तर "देवानें आम्हांस निवडिलें" असें त्या अंगणांत म्हणावें काय? जे मेले ते देवास कमी प्रिय होते काय? मुळींच नाहीं.

आणखी एक लज्जेची गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या छळ करणारांपैकीं पुष्कळांचा बाप्तिस्मा ख्रिस्ती मंडळींतच झाला होता. म्हणून नांव पुरेसें नाहीं. न्यायाच्या दिवशीं राजा विचारील तें भुकेल्यास काय दिलें हेंच.

लोरेंझो 1952 सालीं वारला. 1998 सालीं यरुशलेमेंतील याद वाशेम संस्थेनें त्याचा गौरव केला. तो फार थोडें बोलणारा मनुष्य होता. त्यानें उपदेश केला नाहीं. अन्न आणलें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां आणलें.

म्हणून, प्रियांनो, भाकर मागतांना दारावरून उपाशी जाणाराची आठवण ठेवा. तो कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हें विचारूं नका. एकदां देऊन थांबूं नका, कारण भूक रोज लागते. "आमची" हा शब्द आपल्या तोंडीं खरा ठरो. आमेन.