सूर्यनारायणाचे ऋण

प्रातःकाळी स्नान आटोपून तांब्याच्या कलशातील पाणी ओंजळीने सूर्यास अर्पण करणारे वृद्ध यात्रेकरू कोणत्याही तीर्थक्षेत्री नदीच्या घाटावर आजही दिसतात. पाण्यात गंध, अक्षता व एखादे तांबडे फूल असते. पूर्वेकडे मुख करून ओंजळ उंचावली जाते, पाण्याची धार खाली येते आणि पुन्हा नदीतच मिळते. ही साधी क्रिया पाहणाऱ्या चिकित्सक मनात सहज प्रश्न उभा राहतो, की नदीचे पाणी नदीतच पडले, मग सूर्याला काय मिळाले? आणि त्याहूनही अवघड प्रश्न असा, की ते पाणी तरी देणाऱ्याचे होते काय?

चैत्र-वैशाखात भूमी तापते, समुद्र त्या मानाने थंड राहतो. तापलेल्या भूमीवरील हवा हलकी होऊन वर जाते व तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील बाष्पयुक्त वारे धावून येतात. ते सह्याद्रीला अडतात आणि पाऊस कोसळतो. ज्या उन्हाच्या नावाने दोन महिने सारे कासावीस होतात, तेच ऊन आषाढातील पावसाचे मूळ होय. ओंजळीतील पाणी सूर्यानेच समुद्रातून उचलून डोंगरमाथ्यावर आणून ठेवले होते. फूल त्याच्याच प्रकाशावर उमलले. ओंजळ उंचावणाऱ्या हातांतील बळ आदल्या रात्रीच्या भाकरीतून आले आणि त्या ज्वारीच्या पानांनी ते उन्हातूनच साठविले होते. कलशाचे तांबे तेवढे सूर्याचे नव्हे. सूर्याच्या जन्मापूर्वी लयाला गेलेल्या ताऱ्यांकडून ते आले, असे शास्त्रज्ञ सांगतात. बाकी सारे त्याचेच त्याला.

या दात्याचे वैभव आकड्यांत मांडू गेल्यास बुद्धी थक्क होते. सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा प्रकाश येथे पोहोचण्यास ८ मिनिटे २० सेकंद लागतात. त्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमानाला हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होत असते आणि त्या क्रियेत दर सेकंदाला ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान नाहीसे होऊन ऊर्जारूपाने बाहेर पडते. म्हणजे सूर्य केवळ देतो असे नव्हे, देताना तो स्वतः झिजतो. हे सुमारे ४६० कोटी वर्षे चालू आहे व आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे चालेल. एवढ्या उधळणीपैकी पृथ्वीच्या वाट्याला येतो तो साधारण २२० कोटी भागांतील एक भाग. तेवढ्यावर समुद्र, अरण्ये, पशुपक्षी व मनुष्याचा सारा प्रपंच चालतो. भारताचे ‘आदित्य एल-१’ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघून ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील आपल्या नियोजित कक्षेत स्थिरावले. तेथून ते अहोरात्र सूर्याकडे पाहू शकते. तरीही सूर्यापर्यंतच्या वाटेचा तो केवळ शंभरावा हिस्सा होय. पूर्वजांना हे सर्व ठाऊक होते असा आग्रह धरण्याचे कारण नाही. त्यांना आकडे ठाऊक नव्हते, उपकार ठाऊक होता, आणि नमस्कार करण्यास तेवढे पुरेसे होते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी हा योग प्रथम विवस्वानास, म्हणजे सूर्यास, सांगितल्याचा उल्लेख आहे. फळाची अपेक्षा न धरता कर्म करीत राहण्याच्या उपदेशाचा पहिला शिष्य सूर्य असावा, हे अत्यंत समर्पक वाटते. तथापि येथे एक शंका मोकळेपणाने मांडली पाहिजे. सूर्य देतो, परंतु न देण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे काय? ज्याला हात आखडता घेताच येत नाही, त्याच्या देण्याला दान म्हणावे काय? शिवाय तो जसा पोसतो तसा जाळतोही. पेरणीनंतर पाऊस लांबला की त्याच उन्हाने कोवळी रोपे करपतात. रस्त्याच्या कामावरील मजुराला उष्माघात होतो, तेव्हा त्याच्या डोक्यावरील किरण आणि देवळाच्या कळसावर चमकणारा किरण यांत काही भेद नसतो.

या शंकेला भक्तीच्या नावाखाली दडपू नये. तिचे प्रामाणिक उत्तर असे दिसते, की सूर्याकडे दयाही नाही व क्रौर्यही नाही. पुण्य-पापाचा प्रश्न ऊन भूमीवर उतरल्यानंतर सुरू होतो आणि तो ज्याच्या अंगणात उतरतो त्याला उद्देशून असतो. गायत्री मंत्रात सवित्याकडे धन, धान्य वा पाऊस मागितलेला नाही; बुद्धीला प्रेरणा मिळावी एवढीच प्रार्थना आहे. धान्य व पाऊस तर मिळतच असतात. त्यांचे काय करावे हे कळणे, ही उणीव आहे.

कोल्हापूरच्या श्री अंबाबाईच्या मंदिरात या प्रश्नाचे एक प्रत्यक्ष उदाहरण पाहावयास मिळते. देवीची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. परंपरेने ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी तेथे किरणोत्सव होतो. दक्षिणायनात खाली जाणारा व उत्तरायणात परत फिरणारा सूर्य या दोन वेळी क्षितिजावरील जवळजवळ एकाच ठिकाणी मावळतो. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात, पितळी उंबरठा व चांदीचा उंबरठा ओलांडतात आणि पहिल्या दिवशी चरणांना, दुसऱ्या दिवशी वक्षस्थळाला व तिसऱ्या दिवशी मुखाला स्पर्श करतात, अशी योजना अनेक शतकांपूर्वीच्या शिल्पींनी करून ठेवली आहे. त्यांनी उन्हाला आज्ञा केली नाही. त्याची वाट तेवढी मोकळी ठेवली.

गेल्या काही दशकांत मात्र ही वाट अरुंद होत गेली. मंदिराच्या पश्चिमेस शहर वाढले, घरांवर मजले चढले, फलक व पाण्याच्या टाक्या आल्या. काही वर्षी किरणे गुडघ्यापर्यंत, काही वर्षी कमरेपर्यंत येऊन मावळली. ढग, धूळ व हवेतील बाष्प हीही कारणे असतात, हे खरे. परंतु अडथळ्यांची मोजणी झाली, ते हटविण्याविषयी चर्चा झाल्या, तेव्हा प्रश्न खगोलशास्त्राचा न राहता न्यायाचा झाला. ज्याने घरावर मजला चढविला त्यालाही संसार आहे, वाढते कुटुंब आहे, आणि आपल्या जागेवर आपले घर बांधावे यात त्याला अधर्म दिसत नाही. दुसरीकडे लाखो भाविकांची श्रद्धा त्या काही मिनिटांच्या प्रकाशाशी बांधलेली आहे. एकाच्या भिंतीने सर्वांचे ऊन अडावे काय? आणि सर्वांच्या उन्हासाठी एकानेच आपली भिंत उतरवावी काय? भिंत उतरविणे योग्य ठरले, तर त्याचा भार त्या एका घरावर न टाकता साऱ्या भाविकांनी वाटून घेणे हेच न्याय्य दिसते. देवीच्या दारी येणाऱ्याने देवीच्या उन्हाची किंमत शेजाऱ्याकडून वसूल करू नये.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. देवीच्या चरणांवरील ऊन अडले तर वर्तमानपत्रांत बातमी येते; शेजारच्या आजीच्या अंगणातील ऊन अडले तर येत नाही. त्या अंगणात उन्हाळ्यात पापड, कुरडया व सांडगे वाळत असत, बाळंतिणीच्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरले जाई. हाडांना बळकटी देणारे ‘ड’ जीवनसत्त्व त्वचेत याच उन्हाने तयार होते. वाड्याच्या जागी उंच इमारत उभी राहते, लगतचे घर कायमचे सावलीत जाते आणि कोणाचेही काही चोरल्याची नोंद कोठेही होत नाही.

चोरीचा विचार निघाला की दगडी कोळसाही आठवतो. चंद्रपूरच्या खाणींतील कोळसा हा २५ कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वीच्या वनस्पतींनी साठविलेला सूर्यप्रकाशच होय. ती जुनी शिल्लक जाळून महाराष्ट्राच्या मोठ्या भागात दिवे लागतात. तिचा धूर व राख शेजारच्या वस्त्यांच्या वाट्याला येते, आणि उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या त्या जिल्ह्यातील माणसाला प्रखर ऊन काय असते हे निराळे सांगावे लागत नाही. दिवा लावणे हे पाप नव्हे. परंतु पूर्वजांचे संचित खर्चून नातवंडांच्या वाट्याला धूर ठेवणारा कुटुंबप्रमुख घरात कोणी शहाणा मानीत नाही. शिर्डी येथे २००९ साली प्रसादालयासाठी सूर्याकडे तोंड करून फिरणाऱ्या ७३ अंतर्गोल तबकड्या बसविण्यात आल्या आणि त्या उष्णतेने तयार होणाऱ्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक करण्याची सोय झाली. रोजचे ऊन रोजच्या अन्नासाठी वापरणे आणि जुन्या संचिताला शक्य तो हात न लावणे, हा व्यवहार साध्या गृहिणीलाही पटेल असा आहे.

ऋणाकडे पुन्हा वळू. शास्त्रकारांनी देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. ऋषींचे ऋण अध्ययन-अध्यापनाने, म्हणजे पुढील शिष्याला शिकवून, व पितरांचे ऋण पुढील पिढी वाढवून फिटते. ज्याने दिले त्याच्याकडे ते परत जात नाही, पुढे सरकते. महाकवी कालिदासाने ‘रघुवंशा’त दिलीप राजाच्या करवसुलीला सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य भूमीवरील रस शोषून घेतो तो सहस्रपटींनी परत वर्षण्यासाठीच, तसा राजा प्रजेकडून कर घेई. देवस्थानांच्या दानपेटीलाही हीच कसोटी लावणे उचित होय. पेटीत पडलेला रुपया अन्नछत्रात, धर्मशाळेत, रुग्णाच्या औषधात वा विद्यार्थ्याच्या वह्यांत वर्षला तर तो सूर्याच्या मार्गाने गेला. पेटीतच राहिला तर ती केवळ कोरडी पडलेली विहीर. देणगीदारांच्या नावाच्या फरशा बसविण्यावर काहींचा आक्षेप असतो. तो अगदीच निराधार नाही, कारण उन्हावर कोणाचेही नाव कोरलेले नसते. परंतु नाव वाचून दुसऱ्यालाही देण्याची बुद्धी होते, हाही अनुभव आहे. मनुष्य सूर्य नव्हे. त्याला थोडी ओळख लागते, एवढे समजून घ्यावे.

मग अर्घ्याचे काय? ते परतफेड नव्हे, हे उघड आहे. सावकाराला त्याच्याच पैशांतून हप्ता देण्यासारखे ते होईल. ओंजळ भरून क्षणभर उचलणे आणि पुन्हा सोडून देणे यात केवळ एक कबुली आहे, की हे हातात आले होते, हातचे नव्हते. ही कबुली रोज द्यावी लागते, कारण मनुष्याला तिचा रोज विसर पडतो.

घाटावरील वृद्ध यात्रेकरू अर्घ्य झाल्यावर कलश पुन्हा भरून घेतात. पायऱ्या चढून वर आले की पाराजवळ थांबतात, ते पाणी पिंपळाच्या मुळाशी ओततात आणि दर्शनाच्या रांगेकडे वळतात. दुपारी फरशी तापून अनवाणी पाय पोळू लागले की दूरगावाहून आलेली कुटुंबे त्याच पारावर आपापल्या भाकऱ्या सोडून बसतात.