देह कोणाचा?

‘आरोग्य हेच खरे धन’ या विषयावर शाळेत निबंध लिहिला नाही असा मराठी माणूस विरळाच. मास्तरकीच्या धंद्यात असे निबंध मी ढिगाने तपासले आहेत. पहाटे उठावे, व्यायाम करावा, उघड्यावरचे खाऊ नये. मुद्दे ठरलेले आणि गुणही ठरलेले. पण धन म्हटले की दोन प्रश्न ओघानेच येतात, आणि ते मात्र कोणत्याही वहीत मला आढळले नाहीत. हे धन कोणाचे? आणि ते कशासाठी?

विशीतल्या तरुणाला पहिला प्रश्न विचारा. तो हसून म्हणेल, “माझा देह माझा. मी रात्री दोनपर्यंत मोबाइल बघेन, नाहीतर तंबाखू खाईन. त्यात तुमचे काय गेले?” वरवर पाहता उत्तर बिनतोड आहे. दुसऱ्याला लुबाडणे ही अनीती. स्वतःचे नुकसान करून घेणे हा फार तर मूर्खपणा.

पण हिशेब जरा बारकाईने पाहू. रक्तदाब वाढतो तेव्हा बहुधा काहीच दुखत नाही. रक्तातली साखर चढते, तीही आरंभी मुकाट्यानेच. हाडांचा साठा साधारणपणे तिशीपर्यंत वाढतो. पुढे त्यातून काढणे तेवढे उरते. म्हणजे कर्ज काढतो बाविशीतला पोरगा आणि हप्ते भरतो पन्नाशीतला एक गृहस्थ. त्या गृहस्थाला कोणी विचारलेले नाही, कागदावर त्याची सही नाही. दोघांचे नाव एकच, म्हणून त्याला लुबाडणे न्यायाचे होते काय? अज्ञान मुलाच्या इस्टेटीवर पालक नेमतात. इथे गंमत अशी की पालक विशीतला आणि इस्टेटीचा धनी पन्नाशीचा. पण पालकाचे कर्तव्य त्यामुळे बदलत नाही.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण सर्वांच्या माहितीतले आहे. डेक्कन कॉलेजात पहिल्या वर्षी त्यांनी अभ्यास बाजूला सारून शरीर कमावले. त्या व्यायामाचे मोल कोणाला मिळाले? १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या वयाची बावन्न वर्षे होत आली होती; मधुमेह सोबतीला होता. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिणाऱ्या त्या प्रौढ कैद्यासाठी कॉलेजातल्या एका पोराने, त्याला न ओळखताच, शिदोरी बांधून ठेवली होती.

इथे कोणी विचारील, मग देह जपून ठेवणे हाच धर्म समजावा काय? आरशापुढे उभे राहून दंड मोजणाऱ्यालाच धर्मात्मा म्हणावे काय? दुसरा प्रश्न येतो तो इथे. टिळकांचेच स्नेही गोपाळ गणेश आगरकर पाहा. जन्म त्याच वर्षीचा, १८५६. दम्याने पिडलेला देह घेऊन त्यांनी शाळेत शिकवले, १८८८ साली ‘सुधारक’ काढला, १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळले, आणि १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच ते गेले. त्यांनी आरोग्य उधळले असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? त्यांनी ते खर्च केले. धन खर्चण्यासाठीच असते. कशापायी गेले हे छातीवर हात ठेवून सांगता येते तो खर्च; सांगता येत नाही ती उधळपट्टी. जागरण आजाऱ्याच्या उशाशी होते, परीक्षेसाठी होते आणि नुसते बोट फिरवीतही होते. घड्याळात वाजलेले तेच असतात, पण तिन्ही जागरणांची किंमत एक नाही.

आणखीही एक गोष्ट आगरकर शिकवतात. दमा त्यांनी ओढवून घेतला नव्हता. धडधाकट असणे ही नेहमीच पुण्याई नसते, आणि आजार हा गुन्हा तर नव्हेच. आजाऱ्याला भेटायला जाऊन “तू काय काय खात होतास?” म्हणून उलटतपासणी घेणारे लोक पाहिले, की आपला आरोग्याचा उपदेश किती चटकन निष्ठुर होतो हे कळते.

शिवाय ज्याच्या हाती कारभार आहे, त्यालाच उपदेश शोभतो. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. सर्वांत आधी उठून सर्वांत शेवटी जेवणाऱ्या मुलीला ‘पहाटे उठावे’ हे सांगणे म्हणजे थट्टाच झाली.

देह हे धर्माचे आद्य साधन, हे कालिदासाचे बोल व्यायामशाळेच्या भिंतीवर रंगवलेले आपण वाचतो. पण ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात ते कोणा मल्लाला उद्देशून आलेले नाहीत. उग्र तपाने स्वतःला झिजवणाऱ्या पार्वतीला, एका तरुण मुलीला, ते विचारलेले आहेत. आपण ते मुलांच्या तालमीत नेऊन रंगवले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगवायचे तेवढे राहून गेले.

तेव्हा देह कोणाचा, या प्रश्नाला माझे उत्तर असे: थोडा आजच्या आपला, थोडा उद्याच्या आपला, आणि थोडा घरातल्या सर्वांचा. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान हेच सांगत आले आहे. हातापायांना तेल आपले आपल्याला लावता येते. पाठीला मात्र दुसऱ्याचाच हात लागतो.

वाचकहो, यंदा फराळाला बसाल तेव्हा एवढे करा. घरातल्या तरुणाला रोजची सात तास झोप मागा आणि एकदा रक्तदाब मोजून घ्यायला सांगा. आणि ताटे मांडताना, स्वयंपाकघरात अजून कोण उभे आहे ते बघा. तिचे ताट वाढल्याशिवाय पहिला घास घेऊ नका.