कुंचल्यालाही चौथे शील आहे



विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातील चौथे शील असत्य न बोलण्याचे आहे. परंतु असत्य केवळ जिभेनेच बोलले जाते काय? चित्रातून, गीतातूनही माणूस खोटे बोलू शकतो.

आपल्या श्रीवर्धनच्या एखाद्या मुलाला शाळेत 'माझे घर' हे चित्र काढावयास सांगितले, तर तो काय काढतो? नारळी-पोफळीची वाडी, मोठे कौलारू घर, अंगणात तुळशीवृंदावन. त्या वाडीत त्याची आई मजुरीने राबते. त्याच्या स्वतःच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत; ते मात्र चित्रात नाहीत. पुष्कळदा आईबापच सांगतात, "राहू दे, कशाला दाखवायचं?" चित्र सुबक होते, पण उसने होते.

ही भीती खोटी नाही. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतील तरुण जात लपवून राहतो आणि ती उघड होताच मार खातो. पण बागुलांनी स्वतः ती भीती लपविली नाही; १९६३ साली याच नावाचा कथासंग्रह काढला. जे लपवावयाचे, तेच त्यांच्या लेखणीचे बळ झाले.

राजपुरीच्या खाडीकाठी कुडा येथे आपल्या धम्माची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथे दान देणाऱ्यांनी ब्राह्मी लिपीत आपली ओळख कोरून ठेविली. त्यात वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, भिक्खुणी आहे आणि माळीही आहे. माळ्याला आपला धंदा सांगण्याची लाज वाटली नाही.

कोणी विचारील, "जात तर आपण सोडली, मग ओळख कसली?" जात हे दुसऱ्यांनी लावलेले लेबल होते. आपले श्रम, आपले दुःख आणि आपण स्वीकारलेला धम्म ही आपली ओळख. जन्माने नव्हे, कर्माने माणूस थोर होतो, असे तथागतांनी शिकविले. हाताने घडविलेली कला हेही कर्मच आहे.

याचा अर्थ मुलांनी फक्त बुद्धच काढावा असा नाही. समुद्र काढावा, होडी काढावी. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. तेव्हा आज घरी गेल्यावर मुलाच्या हाती कागद द्या आणि म्हणा, "बाळ, आपलं घर काढ." त्याने भिंतीवरची तसबीर काढली, तर पुसू नका.

नमो बुद्धाय! जय भीम!