ताणलेली बंदूक आणि सूर्यास्त

(वाचावयाचे शास्त्रभाग : १ शमुवेल २५, इफिस. ४:२६, २७.)



जत्रेंत फुगे फोडण्याची छर्ऱ्याची बंदूक आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिली आहे. तिच्यांत दारू नसते; तिचें सर्व बळ आंत बसविलेल्या जाड स्प्रिंगमध्यें असतें. नळी सांध्यापाशीं मोडून खालीं ओढली म्हणजे आंतला दट्ट्या मागें सरतो, स्प्रिंग आवळली जाते, आणि एक लहानसा आंकडा तिला धरून ठेवितो. चाप दाबला कीं आंकडा सुटतो, दट्ट्या पुढें धांवतो, आणि त्याच्यापुढें कोंडलेली हवा छर्ऱ्याला बाहेर फेंकते. इतकें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु बंदूक ताणली आणि मग मारावयाचें नाहीं असें ठरलें, तर पुढें काय करावें, हें थोड्यांसच ठाऊक असतें. त्याविषयींच आज आम्ही बोलणार आहों, कारण आमच्या मंडळ्यांत ताणलेल्या बंदुका फार झाल्या आहेत.

बांधाच्या एका सरीवरून दोन सख्खे भाऊ वर्षभर एकमेकांच्या घरचें पाणी पीत नाहींत. लग्नांत मानाचा नारळ चुकला, म्हणून दोन घरें मंदिरांत दोन कडांना बसतात. कोणीं कोणावर हात टाकलेला नाहीं, शिवी दिलेली नाहीं. म्हणून ज्याला त्याला वाटतें, आपण शांतीनें आहों. बंधूंनो, चाप दाबला नाहीं म्हणजे बंदूक उतरली असें होत नाहीं. ती ताणून कोपऱ्यांत ठेविली तर स्प्रिंग दिवसेंदिवस आपलें बळ गमाविते, आणि एखाद्या दिवशीं घरांतलें मूल सहज चापाला बोट लावितें. आमच्या भांडणांतही पहिला छर्रा बहुधा मुलांनाच लागतो.

दुसरे कोणी म्हणतात, मनांत ठेवूं नये, ओरडून मोकळें व्हावें. समोर कोणी नसलें म्हणजे झालें. छर्रा न घालतां चाप दाबण्यासारखें हें आहे. छर्रा असला म्हणजे त्याच्यामागें कोंडलेली हवा दट्ट्याला गादीसारखी झेलते. छर्रा नसला तर हवा तत्काळ निघून जाते, आणि दट्ट्या भरधांव जाऊन पुढच्या टोंकावर आदळतो. फुगा फुटत नाहीं, पण बंदूक आंतून फुटूं लागते. जो मनुष्य रोज संध्याकाळीं बायकोपुढें शेजाऱ्याच्या नांवानें बोटें मोडितो, त्याचा शेजारी निवांत झोंपतो. झिजतो तो स्वतःच.

मग उतरवावयाची कशी? तोंड निर्धोक दिशेला असावें. जी नळी खालीं ओढून बंदूक ताणली, तीच पुन्हा घट्ट धरून शेवटपर्यंत खालीं न्यावी, व छर्रा असेल तर काढून घ्यावा. आतां नळीवरची पकड जराही ढिली न करितां दुसऱ्या हातानें चाप दाबावा. त्या क्षणीं स्प्रिंगचें सारें बळ हातावर येतें, नळी उसळून वर जाऊं पाहते. तिला जोर लावून रोखीत हळूहळू मिटूं द्यावें. हात सुटला तर नळी फटकन् मिटते. बोटें चेंचतात, नळी वांकते, दस्ता तडकतो. (हें वाचून कोणीं घरीं करून पाहूं नये, जाणत्यापासून समक्ष शिकावें.) म्हणजे ताणतांना जितका जोर लागला, तितकाच उतरवितांना सोसावा लागतो. “झालें गेलें विसरलों” असें एका श्वासांत म्हणणाऱ्यांविषयीं आम्हांस भय वाटतें, तें ह्याचसाठीं.

दावीदाकडे पाहा. नाबालाजवळ तीन हजार मेंढरें व एक हजार शेरडें होतीं. दावीदाच्या माणसांनीं रानांत त्याच्या मेंढपाळांचें रक्षण केलें होतें, आणि लोकर कातरण्याच्या दिवशीं नाबालानें त्यांना अपमान करून रिकाम्या हातीं परत लाविलें. दावीद चारशें माणसांनिशीं तरवारी बांधून निघाला. सकाळपर्यंत त्या घरचा एकही पुरुष जिवंत ठेवणार नाहीं अशी त्यानें शपथ वाहिली. तेव्हां अबीगईल गाढवावर बसून डोंगराच्या आडोशानें खालीं आली. तिनें दोनशें भाकरी व अंजिरांच्या दोनशें ढेपा आणिल्या, हें आम्हांस पाठ आहे. परंतु तिचें पहिलें वाक्य पाहा : दोष माझ्यावर असूं द्या, असा त्याचा अर्थ आहे. तुमचा अपमान झालाच नाहीं असें ती म्हणाली नाहीं. नवऱ्याचा मूर्खपणा तिनें झांकला नाहीं. चारशें तरवारींचा सारा भार तिनें आधीं आपल्या हातावर घेतला, आणि मग हळूहळू, देवानें दावीदाला दिलेल्या वचनांची आठवण करून देत, तो उतरविला. दावीदानें तिच्या हातची भेट घेतली, आणि शांतीनें घरीं जा असें तिला सांगितलें. नाबाल दहा दिवसांनीं मेला. दावीदाचें बोट त्याला लागलें नव्हतें.

कांहीं बंदुका अशाही असतात कीं नळी उघडी असतांना त्यांचा चाप चालतच नाहीं. अशी बंदूक अशी उतरत नाहीं. मऊ मातीच्या ढिगांत, पलीकडे कोणी नाहीं असें पाहून, तो एक छर्रा मारूनच ती मोकळी करावी लागते. कांहीं मनें तशीं आहेत. त्यांनीं स्तोत्र १०९ काढावें. तेथें भक्ताचा संताप आमच्या तोंडीं शोभणार नाहीं इतका कडक आहे; परंतु तो शेजाऱ्याच्या दारांत नव्हे, देवापुढें ओतलेला आहे, आणि तेवढी माती तेथें आहे.

पौलानें सूर्यास्ताची मर्यादा घातली आहे. तेव्हां ज्या मंडळींत येत्या रविवारीं प्रभुभोजन आहे, तेथील उपदेशकांनीं व वडिलांनीं शनिवारीं दिवस मावळण्यापूर्वीं त्या दोन घरीं जावें. पंचायत भरवूं नये, साक्षी काढूं नयेत. ज्याचा अपमान झाला त्याचें गाऱ्हाणें पहिल्यानें पुरतें ऐकून घ्यावें, मध्यें वचन काढूं नये. पुष्कळ वेळ लागेल असें समजूनच घरून जेवून निघावें.