परशुरामाचा बाण आणि काळा कातळ

सिंधुदुर्गात कसालच्या तिठ्यावरून मालवणकडे वळलं की तांबडा जांभा सोबतीला असतो. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीवर, तो उघडाच पडलेला दिसतो, आणि चिरेखाणीत त्याचे सरळ उभे काप. मालवणच्या बाजूला त्याच्याखाली फार जुने खडक आहेत. देवगड-विजयदुर्गाकडे मात्र जांभ्याखाली काळा कातळ लागतो. हाच कातळ पार वर हरिहरेश्वरला थेट समुद्राच्या तोंडाशी उभा आहे. तिथे देवळाच्या प्रदक्षिणेच्या पायऱ्या उतरल्या की लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने पोखरलेली, मधाच्या पोळ्यासारखी भोकं हाताला लागतात. हा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचा. तेव्हा माणूस नव्हता, परशूही नव्हता. मग बाणाने समुद्र मागे हटवून परशुरामाने कोकण निर्माण केलं, या श्रद्धेचं काय करायचं?

श्रद्धेच्या बाजूने बोलणारे अनेक जण म्हणतात की ही कथा म्हणजे समुद्र मागे सरकल्याची पूर्वजांची आठवण आहे. मला हा बचाव कमकुवत वाटतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती; पुढे हजारो वर्षं पाणी चढत गेलं आणि किनारा बुडत गेला. म्हणजे घडलं ते कथेच्या नेमकं उलट. त्यानंतर समुद्र थोडा ओसरला, पण तो काही मीटरच; त्यातून वाळूचे पट्टे उघडे पडले असतील, सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंतचा मुलूख नव्हे. शिवाय भूशास्त्राच्या दाखल्यावर उभी केलेली श्रद्धा पुढच्या संशोधनाच्या दयेवर जगते.

त्यापेक्षा कथेचं जुनं रूप पाहावं. महाभारताच्या शांतिपर्वात परशुराम जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान देतो. दान घेतल्यावर कश्यप त्याला सांगतो, आता माझ्या भूमीवर राहू नकोस. तेव्हा सागर त्याला शूर्पारक, म्हणजे आपलं सोपारा, राहायला देतो. त्या प्रसंगात बाणाने समुद्र हटवणं नाही. कालिदासाच्या रघुवंशात समुद्र अस्त्राने हटवलेला दिसतो, सह्याद्रिखंड या पुराणग्रंथात तर बाणच महत्त्वाचा होतो. शांतिपर्वाचा भर दानावर आहे: ज्याने स्वतःचा हक्क सोडला, त्याला पाय टेकायला जागा मिळाली, आणि तीही दुसऱ्याने दिलेली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. हीच कथा सह्याद्रिखंडात विशिष्ट ब्राह्मण कुळांना परशुरामाने वसवल्याचा दाखला झाली. मग तिच्यातून निःस्वार्थ भाव काढणं म्हणजे तिला आजच्या सोयीने धुऊन घेणं नाही का? आक्षेप खरा आहे. पण तो नेमका बाणाच्या आवृत्तीला लागतो. जमीन अस्त्राने मिळाली म्हटलं की ती जिंकलेली ठरते, आणि जिंकलेल्या जमिनीची वाटणीही जिंकणाराच करतो. दानाच्या कथेत तो अधिकार कोणालाच उरत नाही.

आणि हा अर्थ फक्त पोथीतला नाही. सिंधुदुर्गातली गावऱ्हाटी, म्हणजे गावाच्या देवधर्माची रीत, तो आजही पाळते. घराचा पाया घालताना, विहीर खणताना जागेवाल्यापुढे, म्हणजे त्या जागेच्या राखणदार देवापुढे, नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि भोवतीची माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. सातबारा कोणाच्याही नावावर असो, आधी विचारायचं. ही भीती आहे, अंधश्रद्धा आहे, असं कोणी म्हणेल. काही ठिकाणी ती तशी असतेही. पण विचारण्याच्या कृतीत एक ठाम विधान आहे: ही जागा माझ्याआधीची आहे. कोट्यवधी वर्षांचा कातळ आणि त्यावर पावसाने झिजून तयार झालेला जांभा याला पुरावा देतात, बाण सुटला की नाही याच्याशी त्यांचा संबंध नाही. तरीही या जांभ्याच्या चिऱ्याचं घर बांधण्यात पाप नाही. देवळंही चिऱ्याचीच आहेत. पण गाऱ्हाणं एका चौथऱ्यापुरतं घालायचं आणि अख्खा सडा यंत्राने कापून ट्रकात भरायचा, हे करणाऱ्याने परशुरामाचं नाव घेताना तो बाणाचा परशुराम घेतो आहे की दानाचा, एवढं तरी स्वतःला विचारावं.