कोरेपण आणि निर्मळपण

माझे थोरले बंधू गेल्या पावसाळ्यात निवर्तले. त्यानंतर सहा महिन्यांनी एका संध्याकाळी वहिनी घरी आल्या. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत बंधूंचा लॅपटॉप. "भाऊजी, एवढा कोरा करून द्या. पोरीला कॉलेजात लागतो. हा चालतोय, मग नवा कशाला घ्यायचा?" असे म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवला. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि त्या निघून गेल्या. काम तसे अर्ध्या दिवसाचे, पण ते पुरे करावयास मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे विचार मनात आले, ते वाचकांपुढे मांडावेत असे वाटते.

लॅपटॉप कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता तशा स्थितीत परत नेण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. 'विंडोज' प्रणालीत 'सेटिंग्ज'मध्ये गेले की 'रिसेट' सापडते. यंत्र प्रथम एक साधा प्रश्न विचारते : आपल्या फाइली राखावयाच्या, की सर्व काही काढून टाकावयाचे? त्यानंतर आणखी एकदोन प्रश्न येतात आणि शेवटी ते बजावते की हे केल्यावर मागे येता येणार नाही. मी त्या पहिल्याच प्रश्नापाशी अडलो.

अडण्याचे कारण सांगावयास हवे. बंधू गावातील लिहिते-वाचते गृहस्थ. कुणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असो, पेन्शनसाठी हयातीचा दाखला हवा असो, बाप्तिस्म्याच्या दाखल्यातील आणि शाळेच्या दाखल्यातील नावांचा मेळ बसत नसो, माणसे त्यांच्या ओटीवर येत. त्यामुळे त्या लॅपटॉपमध्ये निदान पन्नास कुटुंबांची आधारकार्डे, पासबुकांच्या प्रती, इस्पितळाचे अहवाल आणि भावाभावांतील वाटणीचे कच्चे मसुदे साठलेले होते. यांतील एकही कागद बंधूंचा नव्हता. ते सारे विश्वासाने सोपविलेले होते, आणि विश्वास ही काही वारसाहक्काने येणारी वस्तू नाही. म्हणजे ते वाचण्याचा अधिकार मला नव्हता, वहिनींना नव्हता आणि ज्या मुलीला हा लॅपटॉप जावयाचा होता तिलाही नव्हता.

मग सरळ पुसून का टाकले नाही? येथे यंत्राची एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. नेहमीच्या पद्धतीने आपण फाइल काढून टाकतो तेव्हा ती नाहीशी होत नाही. यंत्र फक्त तिची नोंद खोडते आणि ती जागा रिकामी समजू लागते. मतदारयादीतून नाव गळले तरी माणूस आपल्या घरात असतोच, तसे हे आहे. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तबकडीवर शाबूत राहतो आणि जाणकाराला तो बाहेर काढता येतो. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोन संशोधकांनी बाजारातून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू स्थितीतील १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या अवघ्या १२ निघाल्या. बाकीच्यांत लोकांच्या क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक होते, आजारांच्या नोंदी होत्या, खासगी पत्रे होती. विकणाऱ्यांपैकी अनेकांची प्रामाणिक समजूत हीच असावी की आपण सारे पुसले आहे.

अलीकडे ही उणीव काहीशी भरून निघाली आहे. 'सर्व काही काढून टाका' म्हटल्यावर तबकडी नीट स्वच्छ करण्याचा वेगळा पर्याय आढळतो. बंधूंच्या लॅपटॉपसारख्या फिरत्या तबकडीच्या जुन्या यंत्रात त्याला कित्येक तास लागतात. घाईत असलेला माणूस तो सोडून देतो. ज्याच्या हाती दुसऱ्याचे काही सोपविलेले आहे त्याने मात्र तो सोडू नये, हे मला कळत होते. वाचनालयाच्या पुस्तकावर डाग पडला तर आपण हळहळतो. शेजाऱ्याचा रोग, शेजाऱ्याचे कर्ज आपल्या निष्काळजीपणाने चव्हाट्यावर आले तर ती चूक त्याहून किती तरी मोठी. एवढ्यापुरता माझा निर्णय झालेला होता. घरचे फोटो आणि हिशेबाची एक वही पेनड्राइव्हवर उतरवून मी ती वहिनींसाठी बाजूला ठेवली.

मग नजर एका फोल्डरवर गेली. त्यावर माझे नाव होते.

आता थोडे घरचे सांगतो. आमच्या वाडीत एक बावखल आहे. वसईच्या वाचकांना बावखल म्हणजे काय ते सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच की ते गोड्या पाण्याचे जुने तळे असते, आणि त्याच्या भरवशावर केळी, पानवेली आणि भाजीपाला जगत असे. आठ वर्षांपूर्वी मी असा आग्रह धरला की ते बुजवून रस्त्याकडची पट्टी विकावी. बंधूंनी नकार दिला. शब्दाने शब्द वाढला. मी त्यांना असे काही बोललो की ते येथे लिहिताना आजही हात थांबतो. पुढे तीन वर्षे आम्ही बोललो नाही. नंतर एका लग्नाच्या निमित्ताने बोलू लागलो, पण 'तो' विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. जणू आम्ही दोघांनी संगनमताने ती तीन वर्षे पुसून टाकली. मला वाटे, झाले ते झाले, आता सर्व पहिल्यासारखे आहे.

'पहिल्यासारखे' हा शब्द आपल्या तोंडी किती सहज येतो! भांडण मिटले की आपण म्हणतो, पुन्हा पहिल्यासारखे होऊ या. व्यसन सुटलेल्या मुलाची आई म्हणते, माझा मुलगा मला पहिल्यासारखा मिळाला. आपल्याला मनोमन वाटत असते की माणसालाही कारखान्यातून निघतानाची एक शुद्ध स्थिती असते आणि वरचे काय ते खरवडले की ती पुन्हा हाती लागते. यंत्राकडे पाहिले असता मात्र ध्यानात येते की यंत्रालादेखील तशी स्थिती फारशी लाभत नाही.

'विंडोज'च्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'रिसेट' केल्यावर बहुधा कारखान्यातली जुनी प्रत परत येत नाही. यंत्रात आज जी प्रणाली आहे तिच्याच मूळ फाइलींतून नवी उभी केली जाते. म्हणजे विक्रीनंतर वर्षानुवर्षे जी सुधारणांची ठिगळे तिला लागली, ती बव्हंशी कायम राहतात. याउलट, काही कंपन्या मूळ प्रत तबकडीच्या एका राखीव भागात ठेवतात. ती परत बसविली तर यंत्र खरोखर पहिल्यासारखे होते, परंतु त्या दिवसानंतर उघडकीस आलेली प्रत्येक फट त्यात पुन्हा उघडी पडते. ही फट काय करते, ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. 'वॉनाक्राय' नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने अनेक देशांतील संगणक वेठीस धरले आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ती फट बुजविणारी दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात दिली गेली होती. ज्यांनी ती बसवून घेतली नव्हती, त्यांची यंत्रे सापडली.

यातून मला जो बोध झाला तो असा. कोरेपण वेगळे आणि निर्मळपण वेगळे. कोऱ्या यंत्राला कोणतीही जखम आठवत नाही, म्हणून ते प्रत्येक जखमेला नव्याने पात्र असते. लावलेले प्रत्येक ठिगळ हे कधीतरी झालेल्या घावाची आठवण आहे आणि त्या आठवणीमुळेच यंत्र सुरक्षित असते. माणसाचेही असेच नाही का? व्यसन सुटलेला तो मुलगा पहिल्यासारखा नसतो, आणि नसावाही. पहिल्या मुलाला आपण कोठे घसरू हे ठाऊक नव्हते. या मुलाला ते ठाऊक आहे, आणि त्या माहितीच्या बळावर तो उभा आहे. त्याची ती माहिती कोणी पुसून टाकली तर आपण त्याच्यावर उपकार केले असे म्हणता येईल काय?

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने आपल्या ग्रंथाच्या १६९४ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत एक प्रकरण नव्याने घातले. कालची व्यक्ती आणि आजची व्यक्ती एकच कशावरून, हा त्याचा विषय. लॉकचे म्हणणे थोडक्यात असे की कालच्या कृत्याची जाणीव आज आपलीच म्हणून असणे, यात व्यक्तीचे एकपण आहे, आणि म्हणूनच तिला त्या कृत्याबद्दल जबाब विचारता येतो. लॉकवर पुढे पुष्कळ टीका झाली. झोपेत वा भ्रमिष्टावस्थेत विस्मृती झालेल्या माणसाचे काय, हा प्रश्न अजून शिल्लक आहे. तरी त्यातील एक धागा मला घट्ट वाटतो. 'माझे चुकले' असे म्हणावयास चूक आठवणारा कोणीतरी मागे उरावा लागतो. कोऱ्या केलेल्या यंत्राला पश्चात्ताप होऊ शकत नाही, कारण तेथे पश्चात्ताप करणाराच नसतो. क्षमा करणाऱ्याचेही तसेच. ज्याला घाव आठवत नाही त्याने क्षमा केली असे आपण म्हणत नाही, तो विसरला एवढेच म्हणतो. बंधू आणि मी यांनी त्या तीन वर्षांचे जे केले, ते बहुधा एवढेच होते.

मग पुसण्याला काही नैतिक स्थान नाही काय? आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिलेल्या निकालानुसार, जुनी आणि आता गैरलागू झालेली माहिती आपल्या नावाच्या शोधात दाखवू नये, अशी मागणी माणूस 'गूगल'सारख्या कंपनीकडे करू शकतो. आपल्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या कायद्यातही व्यक्तीला स्वतःची माहिती पुसून घेण्याची तरतूद आहे. एखाद्याच्या जुन्या पडझडीची पाटी जन्मभर त्याच्या दारावर टांगून ठेवू नये, ही भावना योग्यच आहे. परंतु त्याच एका कळीने अपहार करणारा कारकून हिशेबही पुसू शकतो. कळ तीच, क्रिया तीच. म्हणून पुसण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा असे मला वाटते : हे पुसल्याने आच्छादन कोणाला मिळते? ज्याने विश्वास ठेवला त्याला, की ज्याला जबाब द्यावयाचा आहे त्याला? पन्नास कुटुंबांचे कागद पुसताना उत्तर स्वच्छ होते. माझ्या नावाच्या फोल्डरपाशी ते तसे नव्हते. न वाचता पुसले तर आच्छादन मलाच मिळत होते. उघडले तर बंधूंनी जे मला हयातीत दिले नाही ते त्यांच्या पश्चात मी घेत होतो.

अखेर मी वहिनींकडे गेलो आणि जसे आहे तसे सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना द्यायचं असतं तर हातात दिलं असतं, भाऊजी. दिलं नाही, ते आपण कशाला घ्यायचं? आणि त्यात काय असेल, ते तुम्हांला न उघडता ठाऊक नाही का?"

ठाऊक होते. मी काय बोललो ते मला ठाऊक होते. ते वाचावयास कोणत्याही फाइलीची गरज नव्हती. त्या फोल्डरमध्ये कदाचित राग असेल, कदाचित सातबाऱ्याचे उतारे असतील. कदाचित क्षमाही असेल, आणि ती मी गमावली असेन. या शेवटच्या शक्यतेचे ओझे मला वाहावे लागणार आहे. वहिनींचे बरोबर होते असे मला वाटते, तरी मन पूर्णपणे निश्चिंत नाही.

त्या रात्री मी 'सर्व काही काढून टाका' निवडले आणि स्वच्छ करण्याचा लांबचा पर्यायही. पहाटे यंत्र तयार होते. पडद्यावर कसलीही खूण नव्हती. पण झाकणाच्या कोपऱ्याला गेलेला तडा तसाच होता. बॅटरी पूर्वीइतकीच लवकर उतरत होती. आणि बंधूंच्या बोटांनी झिजलेल्या चार-पाच कळांवरची अक्षरे काही परत आली नव्हती.

रविवारी पुतणी आली. यंत्राने तिला भाषा विचारली, देश विचारला आणि मग नाव विचारले. तिने ते टंकले. "काका, अगदी नव्यासारखा झाला," ती आनंदाने म्हणाली. मी तिला म्हटले, चल, जरा वाडीत जाऊन येऊ. बावखलात पाणी चांगले होते. तिच्या काठावर उभे राहून मी तिला सारे सांगितले : मला ते बुजवावयाचे होते, तिच्या वडिलांनी ते राखले, आणि मी त्यांना काय बोललो तेही. ती काही बोलली नाही. परतताना तिने विचारले, "हे अजून कोणाला ठाऊक आहे?" मी म्हणालो, "आता तुला."